लॅम्डा डीएनएचे रिस्ट्रिक्शन डायजेशन: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला लॅम्डा डीएनए ईको-आर-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापायला दिला, की जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) आलटून पालटून तीन चित्रे दिसतात. एक, डीएनए जसाच्या तसा वर बसलेला. दोन, हवे तेवढे तुकडे दिसतात, पण त्यांच्यामध्ये दोन-चार आगंतुक पट्टे. तीन, वरपासून खालपर्यंत नुसता धूर. तिन्ही वेळा एकच वाक्य ऐकू येते: "एन्झाइम खराब आहे." एन्झाइम क्वचितच खराब असते. बहुतेक वेळा ते ट्यूबमध्ये पडण्याआधीच बिघाड झालेला असतो. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. प्रत्यक्ष कापणे हे एक तास ट्यूब गरम ठेवण्याचे काम आहे.

उदाहरण म्हणून लॅम्डा फाजचा, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूचा, डीएनए घेतला आहे: ४८,५०२ बेसजोड्या, सरळ रेषेतला, पूर्ण क्रम माहीत असलेला. काप कुठे पडायला हवेत हे आधीच ठाऊक असल्यामुळे चूक पकडणे सोपे जाते.

## टप्पा १: आधी कागदावर कापा

पिपेट हातात घेण्यापूर्वी जर्नलमध्ये दोन गोष्टी लिहा: एन्झाइम कुठे कापते आणि किती तुकडे पडतील.

ईको-आर-वन हे दोन सारख्या उपएककांचे प्रथिन आहे. ते डीएनएला आधी कुठेही सैलसर चिकटते, त्यावरून सरकत जाते आणि जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम सापडला की घट्ट बसते. हा क्रम समोरच्या धाग्यावर पाच-प्राइम टोकाकडून वाचला तरी तोच येतो. त्यामुळे एकेक उपएकक एकेक धागा कापते, दोन्हीकडे जी आणि ए यांच्या मधोमध. कापलेल्या टोकाला ए-ए-टी-टी असा चार बेसचा एकेरी धागा लोंबत राहतो. हेच 'स्टिकी एंड'. काप फॉस्फोडायएस्टर बंधावर पाण्याच्या रेणूने पडतो. फॉस्फेट पाच-प्राइम टोकाकडे राहतो आणि हायड्रॉक्सिल तीन-प्राइम टोकाकडे.

या कामाला मॅग्नेशियम लागतो. तो नसला तरी ईको-आर-वन आपली जागा शोधून बसते, पण कापत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तुकडे. सहा अक्षरांचा ठरावीक क्रम सरासरी ४,०९६ बेसजोड्यांत एकदा यावा, म्हणजे लॅम्डात अकरा-बारा जागा असाव्यात. प्रत्यक्षात ईको-आर-वनच्या पाचच आहेत आणि हिंड-थ्री या दुसऱ्या एन्झाइमच्या सात. सरासरीवर विसंबू नका, नकाशा बघा.

ईको-आर-वनचे तुकडे: २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८, ३,५३०.

हिंड-थ्रीचे तुकडे: २३,१३०, ९,४१६, ६,५५७, ४,३६१, २,३२२, २,०२७, ५६४, १२५.

तपासणी: तुकड्यांची बेरीज ४८,५०२ यायलाच हवी. सरळ डीएनएवर पाच काप पडले तर सहा तुकडे होतात; गोल प्लाझमिडवर (जिवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर) पाच काप पडले तर पाचच. तोंडी परीक्षेत इथे हमखास गडबड होते.

तुकडे पडण्याचा क्रम आणि लांबीचा क्रम एक नसतो, म्हणून डाव्या टोकापासूनचा क्रमही लिहून ठेवा: २१,२२६ – ४,८७८ – ५,६४३ – ७,४२१ – ५,८०४ – ३,५३०. अर्धवट कापलेले जेल वाचताना हीच ओळ कामाला येते.

## टप्पा २: डीएनए तपासा

विकतचा लॅम्डा डीएनए बहुधा स्वच्छ असतो. खरी कटकट स्वतः काढलेल्या डीएनएची.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चे गुणोत्तर १.८ च्या आसपास यावे. खूप खाली गेले तर प्रथिन किंवा फिनॉल राहिले आहे असे समजा. २६०/२३० सुद्धा बघा. ते २ च्या जवळ हवे. मुले हा आकडा लिहितच नाहीत, आणि मिठाचा किंवा फिनॉलचा पुरावा नेमका तिथेच असतो. आरएनए राहिला असेल तर २८० चे गुणोत्तर छान दिसते आणि डीएनए मात्र दुप्पट-तिप्पट मोजला जातो. म्हणून न कापलेला डीएनए एकदा जेलवर चालवून बघाच. खाली आरएनएचा फुगीर ढग दिसला तर आरएनएज (आरएनए तोडणारे एन्झाइम) देऊन मगच पुढे जा.

डीएनए ज्यात साठवतात त्या टीई बफरमधल्या ईडीटीएला, म्हणजे मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाला, लोक वाजवीपेक्षा जास्त घाबरतात. हिशोब करा: टीईमध्ये ईडीटीए १ मिलिमोलर. त्यातला २ मायक्रोलिटर डीएनए २० मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये गेला तर ईडीटीए उरते ०.१ मिलिमोलर. नेहमीच्या बफरमध्ये मॅग्नेशियम १० मिलिमोलर असतो, त्यामुळे त्याला ढिम्म फरक पडत नाही. डीएनए पातळ आहे म्हणून २० पैकी १५ मायक्रोलिटर डीएनएच ओतला, की मात्र ईडीटीए, मीठ, अल्कोहोल सगळे एकदम अंगावर येते.

अल्कोहोल हा जास्त मोठा शत्रू आहे. मिनिप्रेपच्या (जिवाणूंतून प्लाझमिड काढण्याच्या कृतीच्या) शेवटी ७० टक्के इथेनॉलने धुतल्यावर तळाला बसलेला डीएनएचा पेलेट नीट वाळला नाही, किंवा कॉलम रिकामा फिरवायचा राहिला, तर इथेनॉल डीएनएसोबत येते. ओळखायची युक्ती सोपी आहे: जेलच्या वेलमध्ये (नमुन्यासाठीच्या खाचेत) घातलेला नमुना खाली न बसता वर तरंगून पसरला, तर इथेनॉलचा संशय घ्या.

सावधान: लॅम्डा डीएनए व्होर्टेक्स करू नका. ४८ हजार बेसजोड्यांचा धागा जोराने ढवळला की वाटेल तिथे तुटतो आणि मग जेलवर धूर दिसतो. ट्यूब बोटाने हलकेच टिचकवा.

## टप्पा ३: एन्झाइम, बफर, पाणी

एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येते, त्यामुळे उणे २० अंशांना गोठत नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा फ्रीझर त्यासाठी चालत नाही. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आपोआप गरम होतो आणि दर वेळी एन्झाइमचे थोडे आयुष्य खातो. साधा डीप फ्रीझर बरा. जिथे वीज तासन् तास जाते तिथे एन्झाइमच्या ट्यूब जेल-आइसच्या डब्यात घालून तो डबाच फ्रीझरमध्ये ठेवा.

१० एक्स (दहापट घट्ट) बफर पूर्ण वितळू द्या आणि मग व्होर्टेक्स करा. बफर व्होर्टेक्स केला तर चालतो, एन्झाइम आणि लॅम्डा डीएनए नाही. अर्धवट वितळलेल्या बफरचे वरचे पाणी उचलले तर मीठ कमी आणि खालचे उचलले तर जास्त. तळाला पांढरा साका दिसला तर कोमट हाताने विरघळवून घ्या. मोठी बाटली वारंवार गोठवण्या-वितळवण्याऐवजी छोटे भाग करून ठेवा. बफरमधला डीटीटी हा घटक हळूहळू निकामी होतो.

एका कंपनीचा 'लाल' बफर म्हणजे दुसऱ्या कंपनीचा 'लाल' बफर नव्हे. झाकणाच्या रंगावर जाऊ नका, एन्झाइमसोबतचे पत्रक वाचा.

पाणी ऑटोक्लेव्ह केलेले, न्यूक्लिएजमुक्त (डीएनए तोडणारी एन्झाइमे नसलेले) हवे. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणून काम भागवणारी प्रयोगशाळा बघण्यात आहे. तिथल्या धुराला एन्झाइम जबाबदार नव्हते.

### युनिटचा हिशोब

एक युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम लॅम्डा डीएनए एका तासात पूर्ण कापणारे एन्झाइम, ठरलेल्या तापमानाला आणि बफरमध्ये. व्याख्येत लॅम्डा आहे, तुमचा प्लाझमिड नाही. लॅम्डात ईको-आर-वनची एक जागा साधारण ९,७०० बेसजोड्यांमागे पडते. पीयूसी-१९ हा प्लाझमिड २,६८६ बेसजोड्यांचा आणि त्यात एक जागा. म्हणजे तितक्याच वजनात जागा साडेतीन पटीहून जास्त. शिवाय पीळ पडलेला गोल डीएनए कापायला अवघड. म्हणून १ मायक्रोग्रॅमला ५ ते १० युनिट घेण्याची पद्धत आहे. त्याहून जास्त ओतण्यात फायदा नाही, तोटा आहे. तो पुढे येईल.

## टप्पा ४: ट्यूब भरण्याचा क्रम

२० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन, या क्रमाने:

१. पाणी – १५ मायक्रोलिटर
२. १० एक्स बफर – २ मायक्रोलिटर
३. लॅम्डा डीएनए, ५०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर – २ मायक्रोलिटर
४. ईको-आर-वन, १० युनिट प्रति मायक्रोलिटर – १ मायक्रोलिटर

एन्झाइम नेहमी शेवटी. आधी टाकले तर ते नुसत्या पाण्यात किंवा दहापट घट्ट बफरमध्ये पडते, आणि दोन्ही त्याला मानवत नाही. शिवाय शेवटी टाकायचे म्हटले की ते फ्रीझरबाहेर कमीत कमी वेळ राहते. ट्यूब बर्फात उभी ठेवा, मधोमध धरा, तळाशी बोट लावू नका.

एक मायक्रोलिटर एन्झाइम उचलणे हे या प्रॅक्टिकलमधले सर्वात अवघड काम. ग्लिसरॉल काकवीसारखे टिपला चिकटते. टिप खोल बुडवली की आतल्या एक मायक्रोलिटरबरोबर बाहेरून आणखी तेवढेच येते. पृष्ठभागाला टिपचे टोक जेमतेम टेकवा, प्लंजर हळू सोडा, दोन सेकंद थांबा. सोडताना टिप द्रवात बुडवूनच सोडा, आणि सोडल्यावर टिपमध्ये काही उरले का ते उजेडात बघा.

नियम: एन्झाइमचे आकारमान एकूण रिअ‍ॅक्शनच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. वरच्या कृतीत ग्लिसरॉल २.५ टक्के होते. ते ५ टक्क्यांच्या वर गेले की ईको-आर-वन बेशिस्त होते आणि आपल्या क्रमाशी मिळत्याजुळत्या जागाही कापू लागते. याला 'स्टार अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. मीठ कमी, पीएच जास्त, मॅग्नेशियमऐवजी मँगनीज, गरजेपेक्षा फार एन्झाइम, रात्रभर ठेवणे, या सगळ्याने ती वाढते. "कापले नाही, आणखी दोन मायक्रोलिटर घाल" हा सल्ला म्हणूनच वाईट.

दहा मुलांची बॅच असेल तर पाणी, बफर आणि डीएनए यांचे मास्टर मिक्स अकरा जणांपुरते करा. मग प्रत्येक ट्यूबमध्ये १९ मायक्रोलिटर वाटा आणि एन्झाइम शिक्षकाने किंवा एकाच स्थिर हाताने घालावे.

कंट्रोलशिवाय जेल चालवू नका. किमान दोन हवेत: एन्झाइमऐवजी पाणी घातलेली ट्यूब, तीही ३७ अंशांना तासभर ठेवलेली, आणि स्वतः काढलेला डीएनए कापायचा असेल तर त्याच एन्झाइमने लॅम्डा कापलेली एक ट्यूब. पहिली ट्यूब तुमच्या पाण्यात-बफरमध्ये न्यूक्लिएज आहे का ते सांगते. दुसरी एन्झाइम जिवंत आहे का ते सांगते.

## टप्पा ५: मिसळा, खाली आणा

ग्लिसरॉलमुळे एन्झाइम जड असते. ते ट्यूबच्या तळाशी जाऊन बसते आणि डीएनए वर राहतो. अर्धवट डायजेशनचे हे सगळ्यात साधे कारण, आणि सगळ्यात दुर्लक्षित. एन्झाइम घातल्यावर पिपेटने हळुवार तीन-चारदा वर-खाली करा किंवा ट्यूब टिचकवा. मग मायक्रोफ्यूजमध्ये काही सेकंदांचा स्पिन द्या.

तपासणी: ट्यूब उजेडात धरा. तळाला तरंगणारी दाट रेघ दिसते का? दिसली तर मिसळलेले नाही. भिंतीवर थेंब आहे? पुन्हा स्पिन.

## टप्पा ६: ३७ अंश, एक तास

वॉटर बाथच्या पडद्यावरचा आकडा आणि पाण्यातले तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. काचेचा थर्मामीटर बुडवून बघा. ट्यूब तरंगत्या स्टँडमध्ये अशी बसवा की द्रवाची पातळी पाण्याखाली राहील.

वेळ जास्त झाला की पाणी उडून झाकणाला लागते आणि खाली उरलेल्या द्रवात ग्लिसरॉल व मीठ घट्ट होते. २० मायक्रोलिटरच्या ट्यूबला हे लवकर बाधते. तासाभराने एक छोटा स्पिन द्या. एक तास ते दोन तास पुरे. रात्रभर ठेवायची वेळ आली तर एन्झाइम कमी करा.

सगळी एन्झाइमे ३७ ची नसतात. स्मा-वनला २५ अंश लागतात, टॅक-वनला ६५. पुस्तकात 'रूम टेंपरेचर' लिहिले म्हणून अकोल्यात एप्रिलच्या दुपारी स्मा-वनची ट्यूब टेबलावर ठेवाल, तर ते २५ नव्हे, चाळिशीच्या आसपासचे तापमान असेल.

## टप्पा ७: थांबवा

ईको-आर-वन ६५ अंशांना २० मिनिटांत निकामी होते. हिंड-थ्रीला ८० अंश, २० मिनिटे लागतात. काही एन्झाइमे उष्णतेला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी कॉलमने किंवा फिनॉलने शुद्धीकरण. फक्त जेलच चालवायचे असेल तर लोडिंग डायमधले ईडीटीए पुरते. मॅग्नेशियम काढून घेतला की एन्झाइम बसलेले असले तरी कापत नाही, हे वर आलेच आहे.

लॅम्डासाठी इथे एक खास पायरी आहे आणि तीच वगळली जाते. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना १२ बेसचे एकेरी धागे असतात, एकमेकांना पूरक. त्यांना 'कॉस' टोके म्हणतात. डायजेशननंतर डावे टोक आणि उजवे टोक परस्परांना चिकटतात. ईको-आर-वनच्या बाबतीत २१,२२६ आणि ३,५३० हे तुकडे मिळून २४,७५६ चा एक होतो. मग खालचा ३,५३० चा पट्टा फिका पडतो किंवा गायब होतो, आणि विद्यार्थी जर्नलमध्ये "पाच तुकडे" लिहितात.

उपाय: लोड करण्याआधी ६५ अंशांना ५ मिनिटे, आणि तिथून थेट बर्फात. टेबलावर सावकाश थंड होऊ दिले तर टोके पुन्हा जुळतात. हिंड-थ्रीने कापलेला लॅम्डा लॅडर (तुकड्यांची लांबी ताडून बघायचा नमुना) म्हणून वापरतानाही हेच करा. तिथे जोडी २३,१३० आणि ४,३६१ ची.

## टप्पा ८: जेल

०.८ टक्के अ‍ॅगरोज: ५० मिलिलिटर १ एक्स टीएई बफरमध्ये ०.४ ग्रॅम. पाण्यात नाही, बफरमध्ये. पाण्यात वितळवलेल्या जेलमधून वीजच नीट वाहत नाही आणि पट्टे वेडेवाकडे येतात. पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवा, साठ अंशांच्या आसपास निवू द्या, मग ओता. कोम्ब काढण्यापूर्वी वर थोडा बफर घाला म्हणजे वेल फाटत नाहीत.

१० मायक्रोलिटर नमुना आणि २ मायक्रोलिटर ६ एक्स डाय. म्हणजे लेनमध्ये ५०० नॅनोग्रॅम. डीएनए ऋणभारित आहे, तो लाल टोकाकडे जातो. वेल काळ्या टोकाकडे ठेवा. वायर जोडल्यावर बुडबुडे येतात का आणि पाच मिनिटांनी निळा रंग योग्य दिशेला सरकतो का, हे बघितल्याशिवाय चहाला जाऊ नका.

व्होल्टेज जेलच्या लांबीवर नाही, दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतरावर ठरते: सेंटिमीटरला ५ व्होल्ट. अंतर १४ सेंटिमीटर असेल तर ७०. घाईने १२० वर नेले की मोठे तुकडे एकमेकांत मिसळतात, आणि लॅम्डात मोठेच तुकडे महत्त्वाचे. ब्रोमोफिनॉल ब्लू, म्हणजे डायमधला निळा रंग, जेलच्या दोन-तृतीयांशापुढे गेला की थांबा.

सावधान: इथिडियम ब्रोमाइड (डीएनए यूव्हीखाली दिसावा म्हणून वापरायचा रंग) असलेल्या जेलला हातमोज्यांशिवाय हात नको, आणि त्याच हातमोज्यांनी दाराची कडी, मोबाइल, पेनही नको. यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटरवर चेहऱ्याला शील्ड लावा. चष्मा पुरत नाही. वापरलेले जेल वेगळ्या पिशवीत, बेसिनमध्ये कधीच नाही.

## टप्पा ९: जेल वाचा

आधी वजनाचा हिशोब. पट्ट्याची चमक तुकड्याच्या वजनावर असते, संख्येवर नाही. ५०० नॅनोग्रॅमपैकी २१,२२६ च्या तुकड्यात सुमारे २१९ नॅनोग्रॅम जातात, ७,४२१ मध्ये ७७, ४,८७८ मध्ये ५०, ३,५३० मध्ये ३६. वरून खाली चमक उतरत जायला हवी. मधला एकच पट्टा याला अपवाद: ५,८०४ आणि ५,६४३ हे ०.८ टक्क्यांच्या छोट्या जेलवर बहुधा सुटे होत नाहीत. दोघांचे मिळून ११८ नॅनोग्रॅम, म्हणजे तो पट्टा वरच्या ७,४२१ पेक्षा उजळ दिसतो. पाचच पट्टे दिसले आणि तिसरा असा उजळ असला, तर तुमचे डायजेशन उत्तम झाले आहे.

हिंड-थ्रीमध्ये ५६४ च्या तुकड्यात जेमतेम ६ नॅनोग्रॅम आणि १२५ च्या तुकड्यात एक-सव्वा. शेवटचे दोन दिसले नाहीत म्हणून प्रयोग फसला असे नाही. न दिसलेले पट्टे जर्नलमध्ये काढून दाखवणे ही मात्र फसवणूक आहे, आणि एक्स्टर्नलला ती कळते.

वरच्या पट्ट्यावरून "कापले, नाही कापले" ठरवू नका. साध्या जेलवर ४८,५०२ आणि २१,२२६ जवळजवळच बसतात. निर्णय खालच्या पट्ट्यांवरून घ्या.

### आगंतुक पट्टा आला तर

इथे टप्पा १ मधली क्रमाची ओळ उघडा. अर्धवट डायजेशनमध्ये जादा पट्टा शेजारच्या तुकड्यांच्या बेरजेइतका असतो: ५,८०४ आणि ३,५३० मिळून ९,३३४, ४,८७८ आणि ५,६४३ मिळून १०,५२१. असे पट्टे २१,२२६ आणि ७,४२१ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतात. तिथे फिके पट्टे दिसले तर एन्झाइम कमी पडले, मिसळले नाही किंवा वेळ कमी झाला.

स्टार अ‍ॅक्टिव्हिटीत उलटे होते. बेरजेत न बसणारे तुकडे येतात, ३,५३० च्या खालीही, आणि मूळ पट्टे फिके होत जातात. पहिल्या रोगावर वेळ वाढवायचा, दुसऱ्यावर एन्झाइम कमी करायचे. दोन्हींत गल्लत केली तर पुढचे जेल आणखी बिघडते.

धूर एन्झाइम नसलेल्या कंट्रोलमध्येही असेल तर न्यूक्लिएज किंवा तुटलेला डीएनए. फक्त एन्झाइमच्या लेनमध्ये असेल तर एन्झाइमची बाटली कुणीतरी वापरलेल्या टिपने बाटवली असावी.

अजिबात कापले नाही आणि लॅम्डाचा कंट्रोल मात्र छान कापला गेला, तर दोष तुमच्या डीएनएत. खात्रीसाठी तुमचा डीएनए आणि लॅम्डा एकाच ट्यूबमध्ये कापा. लॅम्डाही कापला गेला नाही तर तुमच्या डीएनएसोबत अडथळा आणणारे काहीतरी आले आहे: कॉलमवर पुन्हा स्वच्छ करा. लॅम्डा कापला गेला आणि तुमचा नाही, तर जागाच नाही किंवा तिच्यावर मिथाइल गट बसला आहे. नेहमीच्या ई. कोलायमध्ये 'डॅम' मिथिलेज जी-ए-टी-सी या क्रमातल्या ए वर मिथाइल चढवते. एमबीओ-वन हे एन्झाइम तिथे अडते, सॉ-थ्री-ए अडत नाही, आणि डीपीएन-वनला तर मिथाइलच लागतो. एक्सबा-वनची जागा टी-सी-टी-ए-जी-ए. तिच्यापुढे टी-सी आले तर शेवटी जी-ए-टी-सी तयार होते आणि ती जागा बंद पडते. अशा वेळी डॅम नसलेल्या स्ट्रेनमधून प्लाझमिड काढा.

## दोन एन्झाइमे एकत्र

दोन्ही एन्झाइमांना चालणारा एक बफर पत्रकातल्या तक्त्यात शोधा. दोघांची मिळून आकारमानाची मर्यादा तीच, दहावा भाग. म्हणून २० ऐवजी ३० किंवा ५० मायक्रोलिटर घ्या. समान बफर नसेल तर आधी कमी मिठाचे एन्झाइम, मग मीठ वाढवून दुसरे. उलट क्रमाने मीठ कमी करता येत नाही.

लॅम्डावर ईको-आर-वन आणि हिंड-थ्री एकत्र लावले तर बारा काप आणि तेरा तुकडे: २१,२२६, ५,१४८, ४,९७३, ४,२६८, ३,५३०, २,०२७, १,९०४, १,५८४, १,३७५, ९४७, ८३१, ५६४, १२५. हिंड-थ्रीचा २३,१३० नाहीसा होऊन त्याचे २१,२२६ आणि १,९०४ झाले का, एवढे आधी बघा. वरचा पट्टा किंचित खाली सरकलेला आणि २,०२७ च्या लगेच खाली एक नवा पट्टा दिसला, तर दोन्ही एन्झाइमे चालली आहेत.

पीयूसी-१९ वर हीच जोडी लावली तर सुटणारा तुकडा ५० बेसजोड्यांच्या आसपास असतो आणि साध्या जेलवर दिसत नाही. तिथे एकट्या ईको-आर-वनची आणि एकट्या हिंड-थ्रीची लेन शेजारी हवीच. नाहीतर एक एन्झाइम मेलेले असतानाही जेल बरोबर दिसते.

पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने) केलेल्या तुकड्याच्या अगदी टोकाला जागा असेल तर एन्झाइमला बसायला आधार मिळत नाही. प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे) मागवतानाच जागेच्या बाहेर चार ते सहा जादा बेस घाला.

## जर्नल आणि उरलेला नमुना

जर्नलमध्ये एन्झाइमचा लॉट क्रमांक, बफरचे नाव, थर्मामीटरवरचे खरे तापमान, व्होल्टेज आणि वेळ लिहा. आलेख काढताना तुकड्याच्या लांबीचा लॉग आणि वेलपासूनचे अंतर घ्या. २३,१३० चा बिंदू रेषेवर बसणार नाही, कारण एवढे मोठे तुकडे अशा जेलमध्ये लांबीनुसार सुटे होत नाहीत. तो बिंदू सोडून रेषा काढा.

उरलेले १० मायक्रोलिटर उष्णतेने निकामी करून उणे २० ला ठेवा. हिंड-थ्रीचे असेल तर पुढच्या बॅचला लॅडर म्हणून चालेल, दर वेळी ६५ अंशांना ५ मिनिटे आणि बर्फ, एवढे करून. ट्यूबवर तारीख, एन्झाइम आणि नॅनोग्रॅम लिहा, तेही झाकणावर नाही, अंगावर. झाकणे बदलली जातात.